घरातली माणसं आणि घरातला उजेड

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत केलेले भाषण. सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेत देत आहोत.)



आपल्या व्याख्यानमालेत दरवर्षी मोठे विषय असतात. संतवाङ्मय असतं, इतिहास असतो, आरोग्य असतं. माझा विषय त्या मानाने अगदीच घरगुती आहे. छपराखाली, चार भिंतींच्या आत, माणसांचे फोटो स्पष्ट कसे यावेत, एवढाच. मी काही धंदेवाईक छायाचित्रकार नाही. बँकेत नोकरी केली, निवृत्त झालो. पण कॅमेरा चाळीसेक वर्षं गळ्यात आहे, आणि मंडळाची दोन कामं बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे आहेत. एक, कार्यक्रमांचे फोटो काढणं. दुसरं, स्मरणिकेसाठी आलेले फोटो निवडून छापखान्यात पाठवणं. या दुसऱ्या कामामुळेच आजचा विषय घ्यावासा वाटला.

स्मरणिकेत श्रद्धांजलीचं एक पान असतं. वर्षभरात जे सभासद आपल्यातून गेले त्यांचे फोटो आपण घरच्यांकडून मागवतो. काय येतं म्हणता? लग्नाच्या ग्रुपमधून कापून काढलेला चेहरा, शेजारच्याचा खांदा तसाच चिकटलेला. आधार कार्डावरचा फोटो मोबाइलवर पुन्हा काढलेला. नातवाच्या वाढदिवसाचा फोटो, त्यात केकवरची अक्षरं सुद्धा वाचता येतात आणि आजी मात्र धूसर. घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये हजारांनी फोटो असतात. मुलं रात्र रात्र शोधतात आणि शेवटी फोन येतो, "काका, यातल्या यात बघा, याहून बरा नाहीये." हे वाक्य मी जवळजवळ दरवर्षी ऐकतो.

ही मुलं निष्काळजी असतात असं नाही. त्यांनी फोटो काढलेले असतात. पण आपली वयस्क मंडळी बहुतेक वेळ घरात असतात, त्यांचे फोटो घरातच निघतात, तेही सगळे जमल्यावर, म्हणजे संध्याकाळी, ट्यूबच्या उजेडात. आणि कॅमेऱ्याला नेमकी हीच जागा सर्वांत अवघड. का अवघड, आणि ती सोपी कशी करायची, हे आज पाहू.

पहिली गोष्ट. उजेडाच्या बाबतीत आपल्या डोळ्यांवर अजिबात विश्वास ठेवू नका. आपला डोळा फार सोशिक आहे. उन्हातून घरात आलात की दोन मिनिटांत त्याला घर पुरेसं उजळ वाटायला लागतं. कॅमेऱ्याला तसं वाटत नाही. उजेड मोजायचं एकक आहे लक्स. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. रात्री दिवाणखान्यात एक ट्यूब लावून आपण पेपर वाचत बसतो, तिथे साधारण दीडशे लक्स असतात. म्हणजे सहाशे-साडेसहाशे पट फरक! आपल्याला तो जाणवतच नाही. कॅमेऱ्याला मात्र तेवढ्या उजेडात तेवढंच चित्र उमटवायचं असतं.

मग कॅमेरा काय करतो? नळाखाली बादली लावल्याचं उदाहरण घ्या. नळाला बारीक धार असली की आपण काय करतो? एक तर तोटी पूर्ण उघडतो. नाही तर बादली जास्त वेळ धारेखाली ठेवतो. नाही तर घरातली लहान बादली काढतो, म्हणजे ती लवकर भरते. कॅमेऱ्यातही हेच तीन उपाय. तोटी म्हणजे ॲपर्चर, भिंगाचं तोंड किती उघडं आहे ते. वेळ म्हणजे शटर स्पीड. आणि लहान बादली म्हणजे आयएसओ वाढवणं. थोड्या उजेडात भागतं, पण चित्रात रवाळपणा येतो.

कॅमेरा किंवा मोबाइल ऑटोवर असला की या तिन्हींपैकी तो बहुतेक वेळा वेळ वाढवून काम भागवतो. आणि घोळ तिथेच होतो. हिशेब सांगतो. एफ ४ एवढं ॲपर्चर आणि आयएसओ ४०० धरला, तर ट्यूबखाली शटर सुमारे १/१५ सेकंद उघडं राहावं लागतं. एक पंधरांश सेकंद म्हणजे आपल्याला निमिषमात्र वाटतं. पण बोलताना माणसाचं डोकं सेकंदाला पाच सेंटिमीटर जरी हललं, तरी तेवढ्या वेळात ते तीन मिलिमीटरहून जास्त सरकतं. पापणीचा केस त्याहून कितीतरी बारीक. म्हणजे डोळे पुसट आलेच. हाच वेळ १/१०० सेकंदावर आणला तर सरकणं अर्ध्या मिलिमीटरवर येतं, आणि चेहरा स्वच्छ दिसतो.

आता दुसरी गोष्ट. फोटो हलला, एवढं म्हणून थांबू नका. कसा हलला ते पाहा. वैद्य जसा नाडी पाहतो तसं. अस्पष्ट फोटोचे तीन प्रकार आहेत आणि तिघांची औषधं वेगळी.

फोटोतलं सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल, भिंतीवरचं कॅलेंडर, टेबल, माणूस, सगळंच, तर कॅमेरा हलला. मागचं कॅलेंडर स्वच्छ आहे, तारखा वाचता येतात, पण माणूस तेवढा पुसट आहे, तर माणूस हलला. आणि माणूस पुसट, पण त्याच्या पुढची फुलदाणी किंवा मागचा देव्हारा लख्ख असेल, तर कोणीच हललेलं नाही, फोकस चुकीच्या जागी बसला.

कॅमेरा हलला तर औषध सोपं आहे. कोपर पोटाशी घ्या, भिंतीला किंवा दाराच्या चौकटीला टेका, श्वास सोडून अलगद बटण दाबा. जुना नियम असा आहे की भिंग जेवढ्या मिलिमीटरचं, निदान तेवढ्या अंशाचं शटर हवं. ५० मिलिमीटरला १/५०, २०० मिलिमीटरला १/२००. अलीकडच्या कॅमेऱ्यात आणि चांगल्या मोबाइलमध्ये हात स्थिर करणारी यंत्रणा असते. ती उत्तम काम करते. पण लक्षात ठेवा, ती तुमचा हात स्थिर करते, समोरच्या आजोबांना नाही! ट्रायपॉडचंही तेच. माणूस हलत असेल तर त्यावर औषध एकच, शटरचा वेळ कमी करणं. शांत बसलेल्या माणसाला १/६०, बोलणाऱ्या माणसाला १/१२५, टाळ्या वाजवणाऱ्याला किंवा मुलांना १/२५० आणि नाचणाऱ्याला १/५००. हे आकडे वहीत लिहून ठेवण्यासारखे आहेत.

फोकसचं म्हणाल, तर तो कायम जवळच्या डोळ्यावर. मोबाइलवर चेहऱ्याला बोट लावा, तिथे चौकोन येतो. नव्या कॅमेऱ्यांत डोळा आपोआप ओळखण्याची सोय असते, ती चालू ठेवा. ॲपर्चर खूप उघडलं की आणखी एक अडचण येते. ५० मिलिमीटरचं भिंग, एफ १.८, माणूस दोन मीटरवर, तर स्पष्ट येणारा पट्टा वीतभरही नसतो. एक मीटरवर गेलात तर दोन-तीन बोटांवर येतो, नाक आलं तर कान गेले. एकट्या माणसाला हे शोभून दिसतं. पण दोन जण मागेपुढे बसले की एकच स्पष्ट येतो. दोन रांगांच्या ग्रुपला एफ ५.६ तरी हवं. आणि तेवढा उजेड नसेल तर दोन रांगा करूच नका, सगळ्यांचे चेहरे एका ओळीत आणा.

राहिला आयएसओ. आपल्या पिढीने फिल्मवर फोटो काढले. शंभराचा नाही तर चारशेचा रोल. त्यामुळे आयएसओ वाढवायला आपला हात कचरतो. आताच्या कॅमेऱ्यात १६००, ३२०० निर्धास्त वापरा. फोटो थोडा रवाळ आला तरी चेहरा चेहऱ्यासारखा राहतो, आणि रवाळपणा नंतर कमीही करता येतो. हललेला फोटो मात्र कोणत्याही संगणकावर खऱ्या अर्थाने दुरुस्त होत नाही. हल्ली काही ॲप पुसट चेहरा स्पष्ट करून देतात, पण ते डोळे आणि पापण्या अंदाजाने रंगवतात. तो कोणाचा तरी चेहरा असतो. आपल्या आईचा असेलच असं नाही.

आता खरा उपाय. तोटी, वेळ, बादली हे सगळं बाजूला ठेवा आणि मुळात पाण्याचा दाबच वाढवा. म्हणजे उजेड जास्त असेल तिथे माणसाला बसवा. घरात दिवसा अशी एक जागा असतेच, खिडकी. ऊन थेट आत येत नसलेल्या मोठ्या खिडकीपाशी, हातभर अंतरावर, चेहऱ्यावर हजार लक्सच्या आसपास उजेड सहज मिळतो. मघाचाच हिशेब पुन्हा करा. तोच कॅमेरा, एफ ४, आयएसओ ४००. ट्यूबखाली १/१५ होता, खिडकीपाशी १/१०० मिळतो. एक पैसा खर्च नाही, फक्त खुर्ची सरकवली.

खुर्ची अशी ठेवा की माणसाची एक बाजू खिडकीकडे येईल, मग चेहरा थोडा खिडकीकडे वळवायला सांगा. तुम्ही खिडकीच्या बाजूला उभे राहा, उजेड अडवू नका. खिडकी माणसाच्या पाठीमागे मात्र कधीच नको. कॅमेरा बाहेरचा उजेड पाहून आतला चेहरा काळा करून टाकतो. चेहऱ्याची दुसरी बाजू फार अंधारी वाटली तर त्या बाजूला कोणाला तरी पांढरी चादर धरून उभं करा. खिडकीतून ऊन येत असेल तर जुना पंचा किंवा पातळ पांढरी साडी लावा, उजेड मऊ होतो. खोलीतली ट्यूब आणि पिवळे दिवे बंद करा, नाही तर एक गाल निळसर आणि एक गाल पिवळा येतो. चष्मा असेल तर हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा, काचेतली खिडकीची चमक निघून जाते. आणि खोलीच्या आत आत सरकू नका. खिडकीपासून चार पावलं आत गेलात तरी उजेड कितीतरी उतरतो, डोळ्याला कळत नाही इतकंच.

ही काही माझी अक्कल नाही. फोटोग्राफी जगासमोर आली १८३९ साली. तेव्हा चेहऱ्याचा फोटो घ्यायला मिनिटं लागत. डोकं हलू नये म्हणून माणसाच्या मानेमागे लोखंडी टेकू लावत. जुन्या फोटोंतले लोक एवढे गंभीर का दिसतात, याचं एक कारण हेही आहे. तेवढा वेळ हसू टिकत नाही हो! वीज नव्हती, म्हणून स्टुडिओवाले छपराला आणि उत्तरेच्या भिंतीला काचा बसवत. आपल्या गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतून वर्षातले बहुतेक महिने ऊन थेट आत येत नाही, दिवसभर सारखा शांत उजेड मिळतो.

आणि या बाबतीत आपलं शहर भाग्यवान. राजा दीनदयाळ, जन्म १८४४, मृत्यू १९०५. इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करता करता फोटोग्राफी शिकले आणि पुढे इथे येऊन सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. 'राजा' हा किताब निजामांनीच दिला. सिकंदराबादला त्यांचा स्टुडिओ होता. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती दिला. विचार करा, ज्या बायका कोणासमोर येत नसत त्यांचेही चेहरे राहावेत असं त्या काळी कोणाला तरी वाटलं, आणि त्यासाठी खास व्यवस्था केली. काचीगुडा, सुलतान बाजार भागातल्या जुन्या मराठी घरांत आजही भिंतीवर पणजोबा-पणजींचे स्टुडिओत काढलेले फोटो दिसतात. पणजीच्या नथीतले मोती मोजता येतात. आणि त्याच घरात आजीचा, जी पाच-सहा वर्षांपूर्वी गेली, एक धड फोटो सापडत नाही. कॅमेरे वाढले, पण उजेडापाशी बसवणं गेलं.

खिडकी दिवसा. पण आपले समारंभ रात्री असतात, त्याचं काय? तिथे फ्लॅश आला. होमाई व्यारावाला यांचं नाव आपण ऐकलं असेल. आपल्या देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी. त्यांच्या काळात फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटे, प्रत्येक फोटोला नवा बल्ब. म्हणजे नेम धरूनच बटण दाबायचं. आपल्याला आज हवे तेवढे फ्लॅश उडवता येतात आणि म्हणून आपण विचार करत नाही.

फ्लॅश थेट तोंडावर मारला की कपाळ चमकतं, मागे भिंतीवर काळी सावली पडते आणि चेहरा चपटा दिसतो. शिवाय फ्लॅशचा उजेड अंतर दुप्पट झालं की चौथाई होतो. दोन मीटरवरची पहिली रांग पांढरीफटक आणि चार मीटरवरची मागची रांग अंधारात, हे आपण पंगतीच्या फोटोंत नेहमी पाहतो. कॅमेऱ्यावर बसवायचा वेगळा फ्लॅश असेल तर त्याचं तोंड वर करा आणि पांढऱ्या छतावर उजेड मारा. छताएवढी मोठी खिडकी वर उघडल्यासारखा उजेड खाली येतो. मात्र आधी वर पाहून घ्या! आपल्या मांडवाला लाल-पिवळं कापड असतं. त्यावर फ्लॅश मारला की सगळी कार्यकारिणी हळद लागल्यासारखी दिसते. मांडवात हा उपाय नाही.

गणपतीपुढच्या फोटोंबद्दल सांगतो, कारण पुढचे दहा दिवस तेच काढायचे आहेत. कुटुंबाला मखरापुढे उभं करतो, मागे दिव्यांच्या माळांचा लखलखाट, आणि माणसं काळी. मोबाइल त्या माळा पाहून सगळा फोटो काळा करतो. माणसांना मखरापासून चार-पाच पावलं पुढे घ्या, मंडपातल्या पांढऱ्या दिव्यांखाली. मग चेहऱ्यावर बोट दाबून ठेवा आणि उजेडाची पट्टी थोडी वर सरकवा. मूर्ती मागे दिसतेच. आरतीचे फोटो मागून काढू नका, सगळ्यांच्या पाठी येतात. मूर्तीच्या बाजूला उभे राहा, म्हणजे तबकातल्या निरांजनाचा उजेड पडलेले चेहरे समोर येतात. टाळ्या चालू असतात, म्हणून शटर १/२५० हवं. मंडपातले दिवे चालू असले आणि भिंग एफ २ पर्यंत उघडणारं असलं तर आयएसओ ३२०० ला हे जमतं. मुलांच्या नाचात, उडी सर्वांत वर गेली की किंवा गिरकी संपून पाय ठरला की एक क्षण शरीर थांबतं. तो क्षण धरा.

विजेच्या दिव्यांची एक खोड आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, म्हणून चोकवाली जुनी ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला दिसत नाही, पण फोटोत आडवे काळे पट्टे येतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे जातात. म्हणून घरात दिव्याखाली बसलेल्या माणसासाठी १/१०० हा आकडा मी तोंडपाठ ठेवायला सांगतो. पट्टे नाहीत आणि चेहराही हलत नाही.

मोबाइलवाल्यांसाठी पाच गोष्टी, पटकन. एक, आधी भिंग पुसा. पोळीच्या कणकेपासून देवाच्या तेलापर्यंत सगळं त्यावर असतं. दोन, बोटांनी झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. फार जवळही नको, नाक मोठं येतं. तीन, नाइट मोड देवळाच्या शिखराला चांगला. तो अनेक फोटो जोडून एक करतो, त्यात हलणारा माणूस सारवल्यासारखा होतो. चार, सौंदर्य वाढवणारी सोय बंद करा. आजींच्या सुरकुत्या पुसल्या की आजीच पुसली जाते. पाच, स्मरणिकेसाठी फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाही तर तो वाटेत आक्रसतो. आणि किती मेगापिक्सेल याची चिंता सोडा. आपल्या पानावर दोन इंच बाय अडीच इंच छापायला ६०० बाय ७५० बिंदू पुरतात. कमी पडते ती स्पष्टता, बिंदू नव्हेत.

आता जे सर्वांत कठीण आहे त्याबद्दल बोलतो. उजेड जमतो, शटर जमतं. आजोबा बसायला तयार होत नाहीत. "आता या वयात कसले फोटो?" असं म्हणतात. हे फोटो पुढे कशाला लागतील हे त्यांनाही कळतं आणि आपल्यालाही, आणि कोणीच बोलत नाही. माझा अनुभव असा, की सरळ "तुमचा फोटो काढायचाय" म्हणू नये. नातवंडाला मांडीवर द्यावं, दोघांचे चार फोटो काढावेत, मग नातवंडाला हळूच उचलून घ्यावं आणि बोलणं चालू ठेवावं. गावाचं नाव काढावं. परभणी, नांदेड, लातूर, गुलबर्गा, जे असेल ते. आपल्यापैकी कित्येकांची घरं १९५६ पूर्वी याच हैदराबाद राज्यातली. गावातल्या नदीची, शाळेतल्या मास्तरांची गोष्ट निघाली की चेहरा आपोआप खुलतो. तेव्हा एकामागून एक आठ-दहा फोटो घ्या. पापणी लवते, मान वळते, दहातला एक नक्की मिळतो. ज्यांचे हात किंवा मान कापते त्यांच्यासाठी शटर १/२५० ठेवा आणि संख्या वाढवा. ऐकू कमी येणाऱ्यांना दुरून सूचना देऊ नका, शेजारी कोणाला तरी बसवा. आणि स्वतः स्टुलावर बसून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर या. वरून काढलेल्या फोटोत माणूस बिचारा दिसतो.

एखाद्या आजी म्हणतात, थांब, साडी बदलून येते. येऊ द्या. वेळ लागला तर लागू द्या. त्यांना कसं दिसायचं आहे हे त्यांनी ठरवायचं. हा फोटो उद्या भिंतीवर लागेल तेव्हा लागेल. आज तो त्यांना स्वतःला पाहायचा आहे, मैत्रिणींना दाखवायचा आहे, हे आपण विसरतो.

फोटो निघाला की काम संपत नाही. मोबाइल हरवतो, बदलतो, बिघडतो. प्रत्येक माणसाचा एक चांगला फोटो निवडा, सहा बाय आठ इंचात छापून घ्या आणि मागे पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहा. दुसरी प्रत दुसऱ्या शहरातल्या भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवा.

शेवटी, कार्यकारिणीच्या परवानगीने एक सूचना मांडतो. उत्सव संपला की पुढचे चार रविवार, सकाळी ९ ते ११, आपल्या मंडळाच्या ग्रंथालयात उत्तरेच्या मोठ्या खिडकीपाशी मी एक खुर्ची आणि एक पांढरी चादर घेऊन बसणार आहे. ज्यांच्या घरी साठीच्या पुढचं माणूस आहे त्यांनी त्यांना घेऊन यावं. ज्यांना जिना चढवत नाही त्यांनी फक्त कळवावं, मी घरी येईन, प्रत्येक घरात एक तरी बरी खिडकी असतेच. पैसे घेणार नाही. पण फोटो मी काढणार नाही. मी शेजारी उभा राहून सांगेन, बटण मुलाने, सुनेने किंवा नातीने दाबायचं, स्वतःच्या मोबाइलवर. कारण माझ्याकडे पाहून आजी सभ्य चेहरा करतील. नातीकडे पाहून त्या कशा बघतात, ते तुम्हाला हवं आहे.

पहिल्या रविवारसाठी नावं ग्रंथालयाच्या वहीत लिहायची आहेत. वही आज प्रसादाच्या टेबलावर ठेवली आहे. काही शंका असतील तर आत्ता विचारा, नाही तर प्रसाद घेता घेता विचारा.

 गणपती बाप्पा मोरया!